चापातली काकवी

दसरा सरला, की शिवाजी पेठेतल्या खिजर शिकलगाराच्या दुकानात कुंकवाचा हंगाम येतो. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पाटावर मांडली जातात. हळद-कुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो, वरून अक्षता पडतात. तलवारीला त्याचं काही नाही. फडकं फिरवलं की ती पुन्हा तलवार. पण बंदुकीला, रिव्हॉल्वरला अंगभर फटी. माणसाची भक्ती काय, वाट दिसली की आत शिरते. मग दिवाळीच्या तोंडावर एकेक गिऱ्हाईक कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दुकानाची पायरी चढतं आणि म्हणतं, "खिजरभाई, हे आवंदा लई जड चालतंय बगा."

गुंडूतात्याही नेमकं हेच म्हणाले. नव्याण्णव साल होतं. विधानसभेचं इलेक्शन होऊन गेलं होतं, पण पेठेतल्या भिंतींवरची नावं अजून ताजी होती. तात्यांनी कमरेचं कातडी पाकीट सोडलं, आतलं रिव्हॉल्वर काढून काउंटरवरच्या हिरव्या फडक्यावर ठेवलं, आणि हात असा मागं घेतला जसा तव्यावरून घ्यावा.

"चाप वडला की आत खरखरतंय. आन् बोट दुखूस्तवर वडावं लागतंय. वडलांच्या येळचं विलायती हत्यार, कवा असं केलं न्हाय त्यानं."

तात्यांच्या मागं, दाराकडच्या बाकावर त्यांची बायको चिमणाबाई बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला, हात पदराच्या आत.

"आक्का, तुमी कशा आलासा आज एवढ्या लांबनं?" खिजरभाईनं चष्मा पुसता पुसता विचारलं. "ह्या दुकानात बाईमानूस म्हंजी आमची हुसेनबीच. तीबी च्या ठेवती आन् पळती."

"अंबाबाईची ओटी भरायची हुती," चिमणाबाई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. खण-नारळ पिशवीत होते. पण मुरगुडातून पहाटेची गाडी धरून ती मालकांच्या मागं लागून आली ती देवीसाठी नव्हे. त्या रिव्हॉल्वरच्या पोटात काय आहे ते तिला माहीत होतं. तिनंच ते घातलं होतं. आता हा माणूस ते उघडणार, आणि उघडेल तेव्हा आपण तिथं नसावं हे तिला सोसलं नसतं. असावं हेही सोसत नव्हतं.

गोष्ट विहिरीपासूनची. तात्या आणि त्यांचा धाकटा भाऊ जोतीराम, दोघांचा ऊस शेजारी शेजारी, मधे बांध, आणि विहीर एकच. लाईट येईल तेवढ्या वेळात कुणाची मोटर चालायची याच्या पाळ्या ठरलेल्या. वैशाखात जोतीरामानं भावाच्या पाळीत आपली मोटर चालू केली. एकदा केली, परत केली. तात्यांचा ऊस शेंड्याकडून पिवळा पडला. तात्या तोंडाचे मऊ. बांधावर जाऊन "आरं जोती, असं बरं न्हाय" एवढंच म्हणून परत आले. तेव्हा चिमणाबाई चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर टाकताना तिच्या तोंडातून गेलं,

"भाऊ डोळ्यांदेखत पानी पळवतोय, आन् तुमी मामंजींचं हत्यार नुसतं पुजाय ठेवलंय. त्येला तरी माझ्या बांगड्या भरू का?"

शब्द गेला. भाकरी फुगली. तात्या ताटावरून उठलेसुद्धा नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातलं रिव्हॉल्वर काढून पुसलं. मग दर रविवारी पुसू लागले. मग एके दिवशी ते कमरेला लावून शेतावर गेले. "तसं नव्हतं वं माझं म्हननं," असं चिमणाबाई किती वेळा म्हणाली, तात्या म्हणत, "कसं नव्हतं?" आणि बोलली त्या क्षणी तसंच होतं.

आणि जोतीराम म्हणजे काय नुसता दीर? ती नवी नवरी होऊन त्या घरात आली तेव्हा हे पोरगं शेंबूड पुसत तिच्या पदराला लोंबकळत होतं. आई नव्हती त्याला. गुऱ्हाळ लागलं की सकाळपासून वैनीच्या मागं भुणभुण. काकवी पाहिजे. ताज्या काकवीची वाटी आणि शिळी भाकरी मिळाली की मग शेताकडं जायचा. जात्यावर बसली की तिला त्याच्यावर ओवी सुचायची:

धाकट्या माझ्या दिरा, तुला गोडाची किती गोडी
काकवीच्या वाटीपायी उभी सोडलीस बैलजोडी

आता त्याच्या मिशा पिकल्या, वाटण्या झाल्या, पाण्यावरून बोलणं तुटलं. तरी गुऱ्हाळाची पहिली काकवी बरणीत घालून तो वैनीकडं धाडायचाच. कुणाच्या तरी हाती द्यायचा, स्वतः यायचा नाही.

इलेक्शन लागलं आणि परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा झाली. ते दीड-दोन महिने चिमणाबाई गाढ झोपली. दसऱ्याच्या तोंडावर तात्या ठाण्यात जाऊन रिव्हॉल्वर सोडवून घेऊन आले, आणि तिची झोप पुन्हा गेली.

खंडेनवमीला तिनं पाट मांडला. कोयता, विळा, खुरपी, सासऱ्यांची तलवार, मधोमध रिव्हॉल्वर. तात्या अंघोळीला गेले होते. कुंकवाचा करंडा हातात, समोर निवदाचं ताट, आणि शेजारी फडताळात गेल्या हंगामातली, तळाशी घट्ट झालेली जोतीरामाची काकवी. तिला एकदम वाटलं, ह्या हत्याराचंच तोंड गोड करावं. चमच्यानं घेतली आणि जिथं जिथं फट दिसली, घोड्याच्या मागं, चापाच्या मुळाशी, तिथं सोडली. वरून कुंकू दाबून बसवलं, म्हणजे दिसणार नाही. हात जोडले. देवीचं कुंकू लबाडीला वापरलं हे हात जोडताना तिला समजलं. तरी तिनं ते पुसलं नाही.

"गोळ्या काढल्यात नव्हं?" खिजरभाईनं विचारलं.

"काढल्यात. पाकिटात हायत."

तरी त्यानं गोळ्यांची चकरी बाहेर काढून एकेक भोक उजेडाकडं धरून पाहिलं. "गैरसमज नगं तात्या. माझा बा म्हनायचा, गिऱ्हाईक आईची शपथ घालूदे, भोकं आपल्या डोळ्यानं बघायची."

मग त्यानं चकरी आत बसवली, नळी भिंतीकडं केली, आणि डोळे मिटून चाप हळूहळू ओढायला लागला. वैद्य नाडी बघतो तसा. घोडा थोडा उठला. थांबला. आत कुठंतरी वाळूवर दगड घासल्यासारखं झालं. मग तो कसाबसा वर चढला आणि पडला. पण पडला तो दमलेल्या माणसासारखा, अंग टाकून. खिजरभाईच्या भुवया वर गेल्या. त्यानं परत ओढला. परत तसंच.

"हं," तो म्हणाला. आता त्यानं अंगठ्यानं घोडा मागं खेचून अडकवला आणि चापाला नुसतं बोट लावलं. टक्. चाप अलगद सुटला.

"हे बगा. घोडा हातानं चढवला की चाप सुटायला कायबी तरास न्हाय. म्हंजी चापाचा दात झिजल्याला न्हाय, घोड्याची खाच शाबूत हाय. पन नुसत्या चापानं घोडा चढवायचा, चकरी फिरवायची, ही सगळी वडाताण एका बोटावर आली, की अडतंय. दोष आतल्या सांध्यात हाय."

चिमणाबाईचा हात पदरातल्या पदरात आवळला. हातानं चढवला की सुटतो? तिला वाटलं होतं चाप जाम केला की हत्यार मेलं. त्याला अशी दुसरी वाट असते हे तिच्या गावीही नव्हतं.

"तसंबी उडतंय व्हय?" ती बोलून गेली.

तात्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. खिजरभाई मात्र कौतुकानं म्हणाला, "उडतंय की आक्का. उलट तसंच वाईट. घोडा चिकट असला की खाचंत धरला का न्हाई धरला, भरवसा न्हाय. हातातनं निसटंल, घरातच उडंल. अर्धंमुर्धं बिघडल्यालं हत्यार चांगल्या हत्याराला भारी पडतंय."

घरी सून होती. सुनेचं रांगतं पोर होतं, जे हाताला लागेल ते तोंडात घालणारं. रिव्हॉल्वर कपाटात असे, कपाटाला कुलूप असे. पण तात्या पुसायला बसत ते सोप्यातच, पोराच्या देखत. चिमणाबाईनं कुणाला वाचवायला निघून घरात काय पेरून ठेवलं होतं.

खिजरभाई मात्र रंगात आला होता. त्यानं चकरीची दांडी काचेवर लोळवून पाहिली, वाकलेली नव्हती. चकरीच्या मागच्या, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली बारीक ब्रश फिरवला. लाल भुकटी पडली, आणि तिच्यातून अर्धा तांदूळ.

"ह्यो बगा परसाद!" तो हसला. "मागच्या साली एका पावण्याच्या बंदुकीत खोबऱ्याचा तुकडा निघाला. म्हनलं, देवाला निवद दाखवा, बंदुकीला भरवू नगासा. तिला पचत न्हाय."

तात्याही हसले. त्या हसण्यात सुटल्याचा आवाज होता. "मग कुंकवानंच व्हय? आमच्या हिला हात सैल सोडायची सवं. करंडा उपडा करती."

"कुंकवानं खरखरतंय. पन चिकटतंय कशानं?"

तो असं म्हणतोय तोवर घोड्याच्या मागच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली.

बारीक, तांबडी. ती घोड्यावर चढली, क्षणभर थांबली, मिशा हलवल्या, आणि उतरून हिरव्या फडक्यावरून चालू लागली. तिच्या मागून दुसरी. तिघंही त्या मुंग्यांकडं बघत राहिली. बाहेर गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं. ती काही चालू होत नव्हती.

"तीस वर्सं झाली ह्या धंद्यात," खिजरभाई म्हणाला. "हत्यारात कोळी बघितला, झुरळ बघितलं. मुंगी आजच."

"घरात मुंग्या असत्यातच की," तात्या म्हणाले.

"असत्यात. पन लोखंडाला कवा लागत्यात?"

त्यानं मुठीच्या लाकडी फाळी काढल्या, बाजूचे स्क्रू सोडले, आणि सांगाड्यावरची बाजूची पत्री न उचकटता स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं सांगाड्यावर हलके हलके ठोकत राहिला. पत्री आपसूक वर आली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दिवा ओढून घेतला.

आत सगळं तपकिरी होतं. स्प्रिंग, घोड्याचं मूळ, चकरी ढकलणारं बोट, सगळ्यावर लाखेसारखा थर, त्यात कुंकू रुतलेलं. आणि कडेला जिथं थर फाटला होता तिथं लोखंडावर गंजाचे ठिपके उठले होते. खिजरभाईच्या तोंडून "अल्ला" असा शब्द निघाला, हळू, एखाद्या पोराच्या अंगावर वळ बघावेत तसा. त्यानं काडीनं थर खरवडला. नाकाशी नेला.

मग त्याची नजर वर आली. तात्यांकडं नाही, तात्यांच्या खांद्यावरून सरळ बाकाकडं.

चिमणाबाईनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता. आता तो म्हणेल.

"काकवी हाय," खिजरभाई म्हणाला.

"काकवी?" तात्या पुढं झुकले. "काकवी कशी जाईल तिथं?"

"पूजेला निवद असनार," खिजरभाई कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवत, अगदी साधेपणानं म्हणाला. "ताट कलंडलं असंल. हत्यार खाली, ताट वर. हुतंय की सणावाराला. काय आक्का?"

त्यानं दार उघडून दिलं होतं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. चिमणाबाई पिशवीतला नारळ सारखा करत राहिली. ज्या माणसाला ती आज दुसऱ्यांदा बघत होती, तो तिच्यासाठी खोटं बोलला होता. तेही तिच्यावर जमा झालं.

"चकरीच्या भोकांतबी उतरली असंल," खिजरभाई बोलतच होता. "त्यात ज्या गोळ्या हुत्या त्या दावा बरं. बुडाला चिकटा लागला असंल तर मागं घासत्यात, त्यानंबी चाप जड हुतोय."

"गोळ्या बऱ्या हायत," तात्या म्हणाले.

"दावा की. बघायला काय जातंय."

"बऱ्या हायत म्हनलं न्हवं!"

आवाज एवढा चढला की आतल्या दाराचा पडदा हलला. चहाचे कप घेऊन आलेली हुसेनबी कप ठेवून तशीच मागं फिरली. खिजरभाई नुसता हात पुढं करून राहिला. मग तात्यांनी पाकिटाचा खण उघडला आणि गोळ्या फडक्यावर ओतल्या.

खिजरभाईनं एकेक गोळी बुडाकडून उजेडात धरली. पुसली, ठेवली. पुसली, ठेवली. एक मात्र त्यानं ठेवली नाही. बोटांत फिरवली, चष्मा वर केला, परत बघितली. त्या गोळीच्या बुडाच्या बरोब्बर मधोमध एक खळगा होता. उथळ. डाळीचा दाणा ओल्या मातीवर ठेवून उचलावा एवढाच.

"तात्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती. "घोडा हिच्यावर पडलाय. चिकटा हुता म्हनून जोर बसला न्हाय, म्हनून ही उडाली न्हाय. गोळ्या भरल्यावर चाप तुमी कवा वडला?"

तात्यांनी पाकिटाचा खण बंद केला.

"दसऱ्याला बार काढाय गेलतासा?"

"व्हय. दसऱ्याला. वर, आभाळात."

"आभाळात बार काढायला गेल्याला मानूस, न्हाय उडाली तर दुसऱ्यांदा वडतोय. तिसऱ्यांदा वडतोय. चार शिव्या घालतोय. इथं एकाच गोळीवर एकच खूण हाय."

चिमणाबाईला तो दिवस आठवला. दसऱ्यानंतरचा आठवडा. तात्या शेतावरून दुपारीच आले. चेहरा पिठासारखा. उंबऱ्यावर बसले, तांब्याभर पाणी प्याले, परत मागितलं. ताप आला म्हणून तिनं कपाळाला हात लावला तर कपाळ गार. त्याच सांजेला जोतीरामाची बरणी आली. नव्या गुऱ्हाळाची पहिली काकवी. तिनं ताटात वाढली. तात्या त्या वाटीकडं बघत राहिले आणि न जेवता उठले. तिला वाटलं होतं, राग. अजून तेवढा राग. ती रात्रभर त्या रागाला भीत पडून राहिली होती.

राग नव्हता तो.

"कुनावर वो?" तिनं विचारलं. आपलाच आवाज तिला परका वाटला.

तात्यांनी मागं बघितलं नाही. खिजरभाईच्या बोटांतल्या त्या एका गोळीकडं बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "पाठमोरा हुता."

खिजरभाईनं ती गोळी फडक्यावर बाकीच्यांपासून वेगळी ठेवली.

"पाळी माझी हुती. मोटर त्यानं चालू केलती. विहिरीत वाकून कायतरी बघत हुता. मोटरचा आवाज. त्येला ऐकूबी गेलं न्हाय. चाप जड लागला, तरी वडला मी. मुद्दाम, जोर लावून वडला. आन् टक्... न्हाय, टक्बी नव्हं. कायतरी मेल्यागत वाजलं. मग मला दिसलं की त्यो जोती हाय." तात्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला. "आधीबी तोच हुता. पन मग दिसला."

"मग हे दुरुस्तीला कशाला आनलंसा?" खिजरभाईनं विचारलं. त्या प्रश्नात धार होती. "परत जायचं हुतं?"

"न्हाय! आईची आन, न्हाय." तात्यांचे डोळे भरले. "मला बघायचं हुतं, का उडाली न्हाय ते. रोज डोस्क्यात तेच. देवीनं धरला का घोडा? का नुसतंच बिघडलंवतं? देवीनं धरला असंल तर मला माफी हाय आसं वाटायचं. नुसतं बिघडलं असंल तर... तर मी मारलाच की त्येला."

चिमणाबाई उठली. आता उठली नसती तरी चाललं असतं. निवदाचं ताट कलंडलं होतं, देवीनं कलंडवलं होतं, असं म्हणून तात्या घरी गेले असते, आणि जन्मभर त्यांना तेवढा आधार पुरला असता. खिजरभाईनं जीभ चावून धरली असती. तिला हे सगळं दिसलं, आणि त्या आधारामागं आपण आयुष्यभर लपून राहणार हेही दिसलं.

"ताट न्हाय कलंडलं," ती म्हणाली. "म्या ओतली. चमच्यानं. मुद्दाम. वरनं कुंकू दाबलं. देवीबिवी कोन न्हाय त्यात."

तात्या वळले.

"आन् आता ह्येची दुसरी बाजूबी ऐका. वैशाखात बांगड्यांचं कोन बोललं? तुमी भांडायला गेलाच नव्हता. मीच धाडलं तुमास्नी. माझ्या तोंडानं तुमच्या कमरंला ते बांधलं. मग भ्याले, मग काकवी घातली. आन् तीबी अशी घातली की घरातलं पोर मेलं असतं तरी मला कळलं नसतं कशानं." ती थांबली, श्वास घेतला. "मी कुनाला वाचिवलं न्हाय. तुमी तसं मनात आनू नगासा."

तिला वाटलं होतं तात्या ओरडतील, पण ते फक्त म्हणाले, "त्याचीच काकवी हुती?"

"गेल्या सालची."

तात्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो तिथंच धरून ठेवला. खांदे हलत होते.

खिजरभाईनं दोघांकडं पाठ केली. रॉकेलच्या वाटीत स्प्रिंग टाकली, घोडा टाकला, ब्रश घेतला. तपकिरी, मग लाल, मग काळं पाणी सुटत गेलं. गंजाचे ठिपके त्यानं तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरनं उतरवले. काही खोल होते, ते राहिले. "हे आता जन्माचं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. एकेक तुकडा पुसला, तेलाचा थेंब थेंब लावला, जागच्या जागी बसवला. चहा गार झाला. कुणी प्यालं नाही.

शेवटी त्यानं पत्री लावली, स्क्रू आवळले, भोकं पुन्हा उजेडाला धरून पाहिली, आणि चाप ओढला. घोडा तुपावरून सरकावा तसा उठला आणि टणकन पडला. एवढा मऊ चाप ह्या रिव्हॉल्वरला सासऱ्यांच्या काळातही नसेल. त्यानं मूठ तात्यांकडं करून ते पुढं धरलं. दुकानाचा रिवाज होता तो; काम झालं की गिऱ्हाईकानं स्वतः ओढून बघायचं, मगच न्यायचं.

"बगा वडून."

तात्यांनी हात पुढं केला. मूठ धरलीसुद्धा. पण बोट चापाकडं जाईना. पांढरं होऊन, ताठ, ते बाहेरच राहिलं. एकदा जातं असं वाटलं आणि मागं आलं. तात्यांनी रिव्हॉल्वर फडक्यावर परत ठेवलं.

"इलेक्शनात जमा केलतं तसं जमा करूया की वो," चिमणाबाई म्हणाली.

"इलेक्शन झालं की आता."

"आपल्या घरातलं कुठं झालंय?"

तात्यांनी मान हलवली. खिजरभाई म्हणाला, "आज दुरुस्तीला म्हनून माझ्याकडं ऱ्हाऊदे. उद्या ठाण्यात जाऊन रीतसर काय ते करा. मला नुसतं असं ठेवून घेता येत न्हाय." मग ती खळग्याची गोळी उचलून म्हणाला, "ही चांगल्यांत मिसळायची न्हाय. ही एक डाव मार खाल्ल्याली. दुसऱ्या डावाला काय करंल, कोन सांगावं. हीबी ठाण्यातच द्या, आन् सांगूनच द्या."

"सांगून," तात्या म्हणाले.

बाहेर ऊन होतं. गल्लीतली मोटारसायकल अजून तिथंच होती, मालक तिच्याशेजारी उकिडवा बसून तिला शिव्या देत होता. तात्यांचा हात चालताना राहून राहून रिकाम्या कमरेकडं जात होता. चौकात आल्यावर ते देवळाच्या रस्त्याला वळले. चिमणाबाई वळली नाही.

"ओटी?" तात्यांनी विचारलं.

"नगं. आज कुंकवाला हात लावायचं तोंड न्हाय मला. आधी जोतीकडं जाऊया. मी सांगते त्येला. पैला शब्द माझा हुता."

"बोट माझं हुतं."

"मग दोघं सांगू."

"त्यो भाला घेऊन मागं लागंल."

"लागूदे की. तुमास्नी पळता तरी येतंय का बघू."

तात्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू होतं की रडू ते सांगता येणार नाही. दोघं स्टँडकडं चालू लागली. गाडीत ते एकमेकांशी बोलले नाहीत. नारळ चिमणाबाईच्या मांडीवर होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो पिशवीत लोळत होता.

मुरगुडात उतरल्यावर ती घरी गेली नाहीत. सरळ शेतावर. उतरतं ऊन उसाच्या शेंड्यांवर होतं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर आला होता. विहिरीवर मोटर चालू होती. पाळी कुणाची होती हे चिमणाबाईला आठवेना, आणि आठवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. जोतीराम विहिरीच्या काठावर होता. धोतराचा काचा मारलेला, पाठ इकडं.

बांधावर तात्या थांबले. त्या दिवशीही त्याच ठिकाणी थांबले असावेत. कारण पाय तिथं आपोआप रुतले.

"जोतीऽ!" त्यांनी हाक मारली. मोटरच्या आवाजात ती विरली.

"जोतीऽऽ! गड्या हिकडं बघ रं!"

तो बघेना. वाकून पाण्यात काहीतरी निरखत होता. तात्यांनी चिमणाबाईकडं असहायपणे पाहिलं. मग ती खोपटाकडं गेली, स्टार्टरच्या लाल बटणावर बोट ठेवलं, आणि दाबलं.

मोटर थांबली. रानभर एकदम शांत झालं, पाइपातलं उरलेलं पाणी पाटात पडल्याचा आवाज तेवढा राहिला. जोतीराम दचकला, सरळ झाला आणि वळला. समोर बांधावर भाऊ, खोपटाशी वैनी. त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"काय गा दादा?" तो म्हणाला. किती महिन्यांनी म्हणाला. "कोन मेलं का काय?"